थंडीतली क्लब राईड: आखणी शेवटच्या गाडीपासून

पंपावर रांगेत उभे होतो. वेग शून्य. आमच्यातला एकजण, पंधरा-सोळा वर्षं सराईतपणे मोटारसायकल चालवणारा, गाडीसकट हळूच डावीकडे कलला आणि आडवा झाला. लागलं काही नाही, क्लचचा लिव्हर तेवढा मोडला. उचलून उभा केल्यावर म्हणाला, "पाय टेकवला होता की मी!" पाय खाली आला होता हे खरं, पण तिरका. घोट्याखाली काही जाणवतच नव्हतं, त्यामुळे तळवा जमिनीला नीट लागलाय की नाही हे त्याला कळलंच नाही. आधीच्या दोन्ही थांब्यांवर आम्ही त्याला "ठीक ना?" विचारलं होतं आणि दोन्ही वेळा त्यानं मान डोलावली होती.

चूक त्याची नव्हती. ती राईड आम्ही पुढच्या दोन गाड्यांना सोसेल अशी आखली होती. त्या दोघांकडे उंच विंडस्क्रीन, गरम होणाऱ्या ग्रिप्स आणि महागडी जॅकेट्स. मागच्याकडे उघडी गाडी आणि उन्हाळी बूट. तेव्हापासून क्लबात एक रीत पडली: थंडीतलं काहीही ठरवताना सगळ्यात आधी गारठणाऱ्या माणसापासून सुरुवात करायची. मार्ग, वेग, थांबे सगळं त्याच्या हिशोबानं. पुढे वर्षअखेरीच्या मदतफेऱ्या आणि दोन दिवसांच्या सहलीही आम्ही अशाच, शेवटच्या टोकाकडून आखायला लागलो. खाली जे लिहिलंय ते त्याच क्रमानं.

पहिलं काम: वाऱ्याचा हिशोब

हवामान खात्याचा आकडा उभ्या माणसासाठी असतो. चालत्या गाडीवर अंगाला किती गार लागेल यासाठी कॅनडा आणि अमेरिकेत २००१ पासून वापरात असलेलं एक सूत्र आहे. त्यानुसार हवा ५ अंश सेल्सिअस असेल आणि गाडी ताशी ८० किलोमीटरनं जात असेल, तर उघड्या कातडीला ती उणे ३ अंशांसारखी लागते. हवा शून्य अंश असेल तर याच वेगाला उणे १०.

आता गंमत बघा. त्याच ५ अंशांत ताशी २० किलोमीटरला साधारण १ अंश भासतो, ५० ला उणे १, ८० ला उणे ३. म्हणजे बराचसा गारवा सुरुवातीच्या वेगातच अंगावर येतो, पुढे तो हळूहळू वाढतो. "थंडी वाजतेय, जरा हळू जाऊ" यानं फारसं काही साधत नाही. रस्त्यावरचा वेळ वाढतो आणि माणूस उलट जास्त वेळ काकडतो. उपाय वारा अडवण्यात आहे. विंडस्क्रीन, हॅण्डलवरचे हॅण्डगार्ड, गळ्याची फट बुजवणारी नळी, मनगटाशी घट्ट बसणारी बाही, यांचं मोल वेग कमी करण्यापेक्षा कितीतरी जास्त.

राईड निघणार की नाही याची रेषा आदल्या रात्रीच ठरवून ठेवा. आमची साधी आहे: निघायच्या वेळी हवा ४ अंशांच्या खाली आणि रस्ता ओला, तर निघायची वेळ दोन तास पुढे. तरीही तसंच असेल तर राईड रद्द. कित्येक चारचाकींचा डॅशबोर्ड ३-४ अंशांनाच बर्फाचा इशारा देतो, कारण हवेचं तापमान शून्याच्या वर असूनही रस्त्याचा पृष्ठभाग गोठलेला असू शकतो. ही रेषा सकाळी गाड्या सुरू झाल्यावर ठरवायला गेलात तर जोश जिंकतो.

अंगावर काय आणि कुठल्या क्रमानं

आतून बाहेर तीन थर. कातडीलगत मेरिनो लोकर किंवा घाम बाहेर टाकणारं कृत्रिम कापड. सुती बनियन नको. सुती कापड घाम धरून ठेवतं, आणि थांब्यावर उकडून आलेला घाम पुढच्या अर्ध्या तासात बर्फासारखा पाठीला चिकटतो. मधे फ्लीस किंवा पातळ पिसांचं जॅकेट. बाहेर वारा-पाणी अडवणारं रायडिंग जॅकेट, ज्यात आतल्या थरांसाठी जागा राहते. इथे बरेचजण फसतात. ऊब देते ती कपड्यांत अडकलेली हवा. पाच थर कोंबून जॅकेटची चेन ओढून-ताणून लावली की ती हवाच दाबली जाते.

पायांचंही तेच. घट्ट बुटात मोज्यांचे दोन जोड घातले तर रक्ताची ये-जा मंदावते आणि बोटं आधी बधिर होतात. लोकरीचा एकच जाड मोजा, आणि बुटात बोटं हलवता येतील एवढी जागा. पंपावर पडलेल्या आमच्या मित्राच्या बुटात तीन जोड होते, हे नंतर कळलं.

हातांसाठी तीन पायऱ्या: चांगले हिवाळी ग्लोव्ह्ज, त्यावर गरम ग्रिप्स, आणि सगळ्यात वर हॅण्डलला बसवायचे मफ. मफ दिसायला भयंकर असतात, गाडीला स्वयंपाकघरातले मोठे हातमोजे चढवल्यासारखे. पण वारा संपूर्ण अडतो आणि आत पातळ ग्लोव्ह्ज चालतात, त्यामुळे क्लच-ब्रेकचा अंदाज शाबूत राहतो. क्लबात पहिल्या वर्षी सगळे हसले. दुसऱ्या वर्षी सहाजणांच्या गाड्यांना मफ होते. लावल्यावर उभ्या गाडीवर दहा वेळा हात आत-बाहेर करून बघा. हात आत जाताना लिव्हरच्या पुढे अडकतो की नाही, हे रस्त्यावर कळून उपयोग नाही.

विजेवर गरम होणारं जॅकेट घ्यायचं असेल तर आधी गाडीचा हिशोब करा. ग्रिप्स साधारण ३०-४० वॅट खातात, जॅकेट ७०-९०, ग्लोव्ह्ज आणखी. लहान गाडीच्या अल्टरनेटरकडे, म्हणजे वीज बनवणाऱ्या भागाकडे, हेडलाईट, फ्युएल इंजेक्शन आणि इग्निशन भागवून उरतं तेवढंच तुमचं, आणि सिग्नलला इंजिन मंद चालताना तर त्याहून कमी. हॅण्डलवर छोटा व्होल्टमीटर लावा. धावत्या गाडीवर आकडा सतत १३ च्या खाली राहत असेल तर काहीतरी बंद करा, नाहीतर पुढच्या थांब्यावर अंग गरम आणि गाडी बंद.

हेल्मेटच्या काचेवर, म्हणजे व्हायझरवर, धुकं धरणं हा थंडीतला सगळ्यात कमी लेखला जाणारा धोका. पिनलॉकसारखी आतून बसणारी दुसरी काच मधे हवेचा थर धरते, दुहेरी काचेच्या खिडकीसारखी, आणि श्वासानं धुकं धरत नाही. ती नसेल तर नाकाशी श्वास खाली वळवणारी पट्टी लावा आणि थांबताना व्हायझर बोटभर उघडा. भांडी घासायच्या साबणाचा थेंब साध्या व्हायझरच्या आतून चोळून पुसला तर थोडा वेळ काम भागतं. पिनलॉकच्या काचेला मात्र तो लावू नका. चष्मेवाल्यांचं दुःख वेगळंच. त्यांना थांब्यावर एक मिनिट जास्त द्या, बस.

गाडी: चार गोष्टी, बाकी नेहमीचंच

टायरची हवा. तापमान दर १० अंशांनी उतरलं की दाब दीड ते दोन पीएसआय कमी होतो. उबदार गॅरेजमधे भरलेली हवा बाहेर उघड्यावर कमी भरते, म्हणून गाडी रात्रभर बाहेरच्या थंडीत राहिल्यावर, निघायच्या आधी मोजा. गाडीच्या पुस्तिकेतला आकडा ठेवा. "थंडीत पकड वाढावी म्हणून" हवा कमी करायच्या सल्ल्याकडे दुर्लक्ष करा. स्पोर्ट टायरचं रबर ७ अंशांच्या खाली कडक पडायला लागतं, आणि ते तापायला पहिली दहा-पंधरा मिनिटं जातात. तेवढ्यात वळणं जपून घ्या. नागमोडी गाडी चालवून टायर तापत नाहीत. हलका ब्रेक आणि हलकं ॲक्सिलरेशन यानं तापतात.

बॅटरी. लेड-ॲसिड बॅटरीची क्षमता शून्य अंशाला साधारण एक पंचमांशानं घटते, आणि नेमकं तेव्हाच घट्ट झालेलं ऑईल ढवळायला सेल्फला जास्त जोर लागतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर व्होल्टेज १२.६ च्या वर हवं; १२.४ दिसलं तर चार्ज करा. लिथियम बॅटरी असेल तर सकाळी हेडलाईट मिनिटभर लावून ठेवा, बॅटरी आतून थोडी तापते आणि मग सेल्फ मारते.

पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनात कूलंट खरोखर आहे का ते बघा. कुणीतरी उन्हाळ्यात नुसतं पाणी भरलेलं असतं. अर्धं ग्लायकोल, अर्धं शुद्ध पाणी हे मिश्रण उणे ३५ च्या आसपासपर्यंत तग धरतं. नुसतं पाणी गोठलं की फुगतं आणि रेडिएटर फुटतो.

चेन आणि मीठ. बर्फ वितळवायला जिथे रस्त्यावर मीठ टाकतात तिथे ते चेन, बोल्ट, एक्झॉस्ट सगळं खातं. काही मीठं हवेतला ओलावा ओढून घेतात, त्यामुळे कोरड्या दिवशीही गाडीवर ओलसर थर बसलेला असतो. परत आल्यावर गार पाण्यानं धुवा. गरम पाण्यात मिठाची करामत वाढते. चेनला ल्यूब लावायचं ते राईड संपल्यावर, चेन कोमट असताना. सकाळी निघताना लावलेलं ल्यूब मागच्या रिमवर नक्षी काढतं.

रस्ता वाचायचा कसा

काळा बर्फ, म्हणजे रस्त्यावर गोठलेला पातळ पारदर्शक थर, दिसत नाही, म्हणून तो कुठे असेल हे आधीच ओळखावं लागतं. पूल सगळ्यात आधी गोठतात, कारण वरून आणि खालून दोन्हीकडून वारा लागतो आणि खाली ऊब द्यायला जमीन नसते. त्याखालोखाल डोंगराची सावली पडणारी वळणं, झाडांनी झाकलेले रस्ते, शेतातून पाणी वाहून येतं त्या जागा. पुढच्या वाहनाच्या चाकांतून उडणारे तुषार अचानक थांबले आणि रस्ता तरी ओलाच दिसतोय, तर तो ओला नसण्याची शक्यता धरा.

गाडी त्यावर आलीच तर काही करू नका, म्हणजे शब्दशः काही करू नका. पुढचा ब्रेक नाही, ॲक्सिलरेटर एकदम सोडायचा नाही, गाडी सरळ, नजर लांब. बहुतेक पट्टे काही मीटरचेच असतात.

हिवाळ्यातला सूर्य दिवसभर खाली असतो. तो तुमच्या डोळ्यांवर असेल तर तुम्हाला कळतंच. धोका उलट बाजूला आहे: तुमची स्वतःची सावली समोर लांबलचक पडलेली दिसली, तर समोरून येणाऱ्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत थेट ऊन आहे आणि त्याला तुम्ही दिसत नाही. चौकात तो वळणारच असं धरून चाला.

रांग, थांबे आणि "ठीक ना?" हा निरुपयोगी प्रश्न

एका गटात पाच ते सात गाड्या, जास्त झाल्या तर दोन गट आणि दोघांमधे दहा मिनिटांचं अंतर. एक डावीकडे एक उजवीकडे अशी तिरपी रांग, नेहमीचं अंतर तिरप्या गाडीशी १ सेकंद आणि सरळ पुढच्याशी २ सेकंद. थंडीत ते दुप्पट करा. ओली वळणं, पूल, सावली इथे सगळे एका रेषेत.

सगळ्यात अनुभवी माणूस टेलला, म्हणजे सगळ्यात मागे; लीडला, म्हणजे सगळ्यात पुढे, नाही. मार्ग काय, कुणालाही दाखवता येतो. कोण डगमगतोय हे मागूनच दिसतं. लवकर गारठणारा माणूस लीडच्या लगेच मागे, दुसऱ्या जागेवर. तिथे तो लीडच्या आरशात राहतो, आणि मागच्यांसारखं "रबर ओढल्यासारखं" कधी हळू कधी जोरात त्याला चालवावं लागत नाही. टेलकडे पंक्चरचं सामान, छोटा पंप, प्रथमोपचार पेटी आणि एक कोरडा ग्लोव्ह्जचा जोड. हा जोड इतक्या वेळा कामी आलाय की आता त्याला क्लबाची मालमत्ता म्हणतात.

दर ४०-४५ मिनिटांनी थांबा, आणि थांबा म्हणजे आत, बंद जागेत, निदान पंधरा मिनिटं. उघड्यावर उभं राहून फोटो काढणं हा थांबा नव्हे. काहीतरी गरम प्या, खा, बाहेरचा थर उघडा म्हणजे आतली ऊब पोचेल.

आणि "ठीक ना?" विचारू नका. गारठलेला माणूस हो म्हणतो. क्लबात तर आणखीच, कारण सगळ्यांसमोर कोण नाही म्हणणार? त्याऐवजी काहीतरी करायला सांगा. गिर्यारोहक करतात ती तपासणी सोपी आहे: अंगठा त्याच हाताच्या करंगळीला टेकवायचा. नाही टेकला तर हात ब्रेक मारायच्या लायकीचे नाहीत. हेल्मेटचं बकल स्वतः काढू द्या आणि नुसतं बघत राहा. पुढचा थांबा कुठे ते विचारा. बोलणं जड येतंय, वस्तू हातातून निसटताहेत, एरवी गप्पिष्ट असलेला माणूस गप्प किंवा चिडचिडा झालाय, ही शरीराचं आतलं तापमान उतरत चालल्याची लक्षणं. ते ३५ अंशांच्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. हुडहुडी भरलेली असेपर्यंत शरीर लढतंय. माणूस गारठलेलाच आहे आणि तरी हुडहुडी थांबली, तर ती सुधारणा नव्हे. तेव्हा लगेच वैद्यकीय मदत बोलवा.

तोवर आत न्या, ओले कपडे काढा, कोरडं घाला, छाती-मान-काखा यांना ऊब द्या. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर गोड, कोमट पेय. दारू नाही. ती कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंद करते, घटकाभर बरं वाटतं आणि आतली ऊब बाहेर जाते. बधिर बोटं चोळू नका, तापलेल्या सायलेन्सरला तर मुळीच लावू नका. जाणीवच नसते, भाजलेलं कळत नाही. त्या माणसानं त्या दिवशी पुढे गाडी चालवायची नाही. गाडी तिथेच ठेवून त्याला दुसऱ्या वाहनानं पाठवायचं ही तयारी राईडच्या आधीच हवी, वाद घालत बसायला तिथे वेळ नसतो.

इथे कुणीतरी जर्मनीतल्या एलेफांटेनट्रेफेनचं नाव काढतोच. १९५६ साली सुरू झालेला तो हिवाळी मेळावा, लोक बर्फात तंबू ठोकून राहतात, वगैरे. खरं आहे. पण तिथल्या कितीतरी गाड्यांना साईडकार असते, आणि तीन चाकांवर बर्फ हा वेगळा खेळ आहे. दोन चाकांवरून फोटोतल्या तीन चाकांची बरोबरी करू नये.

वर्षअखेरीची मदतफेरी

मुलांसाठी खेळणी घेऊन गाड्यांचा ताफा काढायची पद्धत जगभर आहे. सुट्टीच्या दिवसांत खेळणी गोळा करायच्या मोहिमांपैकी एक जुनी आणि मोठी मोहीम अमेरिकेच्या मरीन कोर राखीव दलाची; १९४७ साली लॉस एंजेलिसमधे सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी देशभर गेली. मोटारसायकल क्लबांना ही कल्पना का आवडते ते उघड आहे: ताफा दिसतो छान आणि दिवस सत्कारणी लागतो. धोकाही तिथेच आहे. ताफा छान दिसावा म्हणून दिवस आखला जातो आणि ज्यांच्यासाठी तो आहे ते शेवटी आठवतात.

म्हणून इथेही शेवटच्या टोकाकडून. निदान सहा आठवडे आधी संस्थेला फोन करा आणि काय हवंय ते विचारा. "काहीही चालेल" असं उत्तर आलं तर पुन्हा विचारा, कारण ते भिडेखातर असतं. मुलं किती, कुठल्या वयाची, खेळणी हवीत की स्वेटर, वह्या, बूट, की जागेचं भाडं भरायला पैसे. कधी यायचं. किती माणसं आत येऊ शकतात. गाड्या कुठे लावायच्या.

वयांची यादी हातात आली की एक गोष्ट दरवर्षी दिसते. तीन ते सात वर्षांच्या मुलांसाठी सगळे आणतात. मऊ अस्वलांचा डोंगर होतो. तेरा ते सोळा वयाच्या मुलामुलींसाठी कुणी काही आणत नाही. त्यांना अस्वल दिलं तर ते हसून घेतात आणि धाकट्याला देऊन टाकतात. म्हणून आम्ही यादी वरून भरतो: आधी सोळाच्या मुलांचं, मग पंधराच्या, आणि अस्वलांचं बघायला शेवटी वेळ उरला तर. हेडफोन, चांगली सॅक, फुटबॉल, चित्रकलेचं साहित्य, बुद्धिबळाचा पट. प्रत्येक सदस्याला "एक खेळणं आणा" न सांगता एक ओळ नेमून द्या: चौदा वर्षांची मुलगी, चित्रं काढते. माणूस मग दुकानात विचार करून उभा राहतो.

तीन वर्षांखालच्या मुलांसाठी घेताना सुटे बारीक भाग बघा. खेळण्यांच्या सुरक्षा तपासणीत ३१.७ मिलिमीटर व्यासाची एक छोटी नळी वापरतात. त्यात जो तुकडा पूर्ण मावतो तो लहान मुलाच्या घशात अडकू शकतो. घरी अंदाज घ्यायचा तर टॉयलेट पेपरच्या आतलं पुठ्ठ्याचं नळकांडं वापरा. ते थोडं रुंद असतं, म्हणजे चूक झाली तरी काळजीच्या बाजूला होते. बटणासारख्या चपट्या बॅटरीचं खेळणं असेल तर तिचं झाकण स्क्रूनं बंद होतं का ते बघा. गिळलेली बॅटरी अन्ननलिका तासाभरात जाळायला लागते. खेळणी नवीच हवीत, आणि कागदात न गुंडाळलेली, म्हणजे संस्थेच्या लोकांना आत काय आहे ते बघून वाटता येतं. कागद आणि टेप वेगळे द्या.

पैशाचा हिशोब दोघांकडे असू द्या, एकाकडे नाही. संस्थेकडून पावती घ्या आणि ती सगळ्यांना दाखवा. आमचा आणखी एक नियम आहे, जो पहिल्यांदा मांडला तेव्हा कुरबुर झाली: त्या दिवशी प्रत्येकजण जेवढ्याचं पेट्रोल जाळेल निदान तेवढी रक्कम मदतपेटीत टाकेल, खेळण्याव्यतिरिक्त. चाळीस गाड्यांचं पेट्रोल एकत्र मोजलं की कुरबुर थांबते.

सामान वाहायला एक चारचाकी हवीच. गाडीवर बांधायचं तर छोटं, मऊ, पॅनियरमधे (बाजूच्या पेटीत) किंवा टेलबॅगमधे (मागच्या सीटवरच्या बॅगेत) जाणारं. हुकवाल्या रबरी दोऱ्या नकोत. सुटला तर हुक डोळ्यात जातो. सपाट पट्ट्या वापरा, टोकं गुंडाळून टेप लावा, सायलेन्सर आणि चेनपासून लांब. हेल्मेटवर चढवलेल्या टोप्या, गाडीला गुंडाळलेल्या दिव्यांच्या माळा फक्त शेवटच्या अर्ध्या किलोमीटरला, चालण्याच्या वेगात. ताशी ८० ला सुटलेली टोपी मागच्याच्या व्हायझरवर जाऊन बसते, हे आम्ही प्रयोगानं सिद्ध केलंय.

पोचल्यावर इंजिनं बंद. रेस करून आवाज काढायचा मोह होतो, मुलं टाळ्याही वाजवतात. पण आत एखादं मूल असतं ज्याला मोठ्या आवाजाची धास्ती आहे, आणि ते टाळ्या वाजवत नसतं. मुलांचे चेहरे फोटोत नकोत. सोपा उपाय: आत जाताना सगळ्यांचे फोन टेलवाल्याच्या टाकीवरच्या बॅगेत. गाडीवर बसवून फोटो हवाच असेल तर तो संस्थेनं आपल्या कॅमेऱ्यात काढावा आणि स्वतःकडे ठेवावा. सायलेन्सर तासभर तापलेला असतो, त्या बाजूनं कुणालाही चढवू नका.

हवा बिघडली तर? ताफा रद्द, खेळणी नाही. चारचाकी ठरल्या वेळी निघते आणि दोघं जाऊन सगळं देऊन येतात. हे आधीच ठरलेलं असलं की त्या सकाळी खराब रस्त्यावर निघायचं दडपण कुणावर येत नाही. आणि जमलं तर सुट्ट्या संपल्यावर, गर्दी ओसरल्यावर, महिन्या-दीड महिन्यानं पुन्हा एकदा फोन करा. तेव्हा देणारं कुणी नसतं.

शनिवार-रविवारची सहल

आखणी सूर्यास्तापासून मागे करायची. मुक्कामी पोचायची वेळ सूर्यास्ताच्या निदान तासभर आधीची, कारण ऊन उतरलं की ओले रस्ते झपाट्यानं गोठतात आणि माणूसही दमलेला असतो. निघायची वेळ सकाळी दहाच्या पुढे. मधे उरतात साडेपाच-सहा तास. त्यातले दीड-दोन तास थांब्यांचे. उन्हाळ्यात दिवसाला जेवढं अंतर सहज कापता त्याच्या निम्मं, फार तर साठ टक्के धरा. पोहोचून दोन तास रिकामे उरले तर कुणी तक्रार केल्याचं आठवत नाही.

मुक्काम निवडताना दृश्यापेक्षा दोन गोष्टी विचारा: गाड्यांना छप्पर आहे का, आणि सामान वाळवायला जागा आहे का. ओले ग्लोव्ह्ज थेट हीटरवर ठेवले तर कातडं कडक होऊन तडकतं. जरा लांब, बोटं वर करून टांगा. बुटांत कागद कोंबा आणि झोपायच्या आधी एकदा बदला. उघड्यावर गाडी लावायचीच असेल तर स्टँडखाली लाकडाचा तुकडा ठेवा, कारण संध्याकाळी टणक वाटलेली जमीन दुपारी चिखल होते. कुलुपाच्या भोकात पाणी जाऊन ते गोठतं, त्यावर चिकटपट्टी लावा. ओल्या सीटवर रात्री प्लास्टिकची पिशवी चढवून ठेवली तर सकाळी बर्फ खरवडावा लागत नाही.

सामान हलकं ठेवा, पण आतल्या थराचा कोरडा जोड आणि जास्तीचे मोजे यांवर काटकसर नको. पेट्रोल टाकी अर्धी झाली की भरा. दुसऱ्या दिवशीचा परतीचा रस्ता छोटा, सरळ आणि माहितीचा ठेवा; रविवारी दुपारी "नवा घाट बघू या का" असं म्हणणाऱ्याला आदल्या रात्रीच हेरून ठेवावं.

घरी पोचलेल्यानं गटावर निरोप टाकायचा, आणि सगळे निरोप येईपर्यंत टेलवाल्यानं झोपायचं नाही. मागच्या हिवाळ्यात एकाचा निरोप आलाच नाही. रात्री अकराला फोन केला तर त्याच्या बायकोनं उचलला. साहेब दारातच, एक बूट काढून, दुसरा काढता काढता भिंतीला टेकून झोपले होते.